आंबोलीच्या दुकानदारांनो, मनापासून आभार

श्रावणातला रविवार. सावंतवाडीहून आंबोली घाट चढताना धबधब्याच्या थोडं वर आमच्या गाडीचा क्लच गेला. सोबत ऐंशी वर्षांची आई, बोनेटही दिसू नये असं धुकं, आणि मागे हॉर्नचा गजर.

टॉर्च घेऊन एक दादा आले. "भियाची गरज नाय, गाडी बाजूक घेवया." चौघांनी ढकलली. भजीच्या टपरीवाल्या काकींनी आईला चुलीपाशी बसवलं, चहा दिला, पैसे घेतले नाहीत. (भजी जरा तिखट होती, पण बोलायचं कुठल्या तोंडाने!)

मेकॅनिक खालून यायला तीन तास लागले. तेवढ्यात कळलं, हे सगळे इथल्या व्यापाऱ्यांच्या संघटनेतले. पावसाळ्यातच काय तो खरा धंदा, आणि नेमक्या त्याच शनिवार-रविवारी हे आळीपाळीने गल्ला सोडून रस्त्यावर उभे राहतात. वाहनं सोडवायची, दरीकडे सेल्फी काढणाऱ्यांना हटकायचं, संध्याकाळी प्लास्टिक गोळा करायचं. हिरण्यकेशी नदीचा उगम इथेच आहे. तिथे सापडलेल्या 'शिस्टुरा हिरण्यकेशी' या माशामुळे २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. आपण मात्र वेफर्सची पाकिटं टाकून घाट उतरतो. मीही टाकली आहेत पूर्वी.

नावं विचारली तर सगळे हसले.

काकी, तुमची निळी छत्री माझ्याकडेच राहिली. दिवाळीआधी आणून देतो.