आमच्या घरात लिफ्ट नाही : बालथेरपी कंपनीला तक्रार पत्र

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य कार्यालय, पुणे

विषय : जळगाव शाखेतील ऑक्युपेशनल थेरपीच्या पॅकेजबाबत तक्रार, उरलेली रक्कम व सत्रांच्या नोंदी मिळणेबाबत.

महोदय / महोदया,

आमचा मुलगा चार वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. आम्ही अमळनेर तालुक्यात राहतो. आपल्या जळगाव शाखेत त्याच्यासाठी ऑक्युपेशनल थेरपीचं (जेवण, अंघोळ अशी रोजची कामं मुलाला जमावीत म्हणून असते ती थेरपी) पॅकेज घेतलं आणि 48,000 रुपये एकरकमी भरले. नुकताच कापूस विकला होता म्हणून जमलं; हप्त्यांनी भरलं तर सवलत मिळणार नाही, असं काउंटरवर सांगितलं होतं. निम्मं पॅकेज अजून शिल्लक आहे आणि मुलाला तिथे नेणं आम्ही बंद केलं आहे. का बंद केलं ते शाखेत तोंडी सांगून झालं, व्हॉट्सॲपवर लिहून झालं. उत्तर एकच येतं, "पॅकेज नॉन-रिफंडेबल आहे."

सुरुवात चांगली झाली होती, तेही लिहायला हवं. पहिल्या तपासणीला बाहेरगावच्या एक थेरपिस्ट आल्या होत्या. त्यांनी मुलाला खेळायला सोडलं आणि माझ्या सासूबाईंनाच समोर बसवून विचारत राहिल्या. चूळ भरतो का? चड्डी स्वतः खाली ओढतो का? अंघोळीला रडतो तो पाणी अंगावर पडल्यावर की डोक्यावर पडल्यावर? ताटात काय ठेवलं की उठून जातो? आमच्याकडे वरण-बट्टी झाली की सगळं घर आडवा हात मारतं, पण ह्याच्या बट्टीला वरण लागलं की ताट ढकललंच. कोरडी बट्टी खातो, ओलं काही बोटांना लागू देत नाही. बाईंनी नेमकं तेच धरलं. म्हणाल्या, आधी कोरड्या पिठात हात घालू द्या. मग घट्ट मळलेला गोळा दाबायला द्या, आजीशेजारी बसून बट्ट्या वळू द्या. मग बोटाला तूप. वरण वेगळ्या वाटीत द्या, तुकडा बुडवायचा की नाही ते त्याला ठरवू द्या. जेवणाआधी अंगणातून पाण्याची छोटी बादली ओढत आणायला लावा, अंगाला जोर पडला की तो ताटावर टिकेल. तांब्या डोक्यावर न ओतता खांद्यापासून सुरू करा. यात खर्च काहीच नव्हता. सासूबाईंनी तर जणू व्रत घेतल्यासारखं रोज केलं. आता तो बट्टी वरणात बुडवून खातो, निम्मं वरण सदऱ्यावर सांडतो तो भाग वेगळा.

त्या बाई पुन्हा दिसल्या नाहीत. पुढची सगळी सत्रं दुसऱ्याच मुली घेत होत्या आणि त्याही सारख्या बदलत होत्या. मुली गोड आहेत, त्यांच्याविषयी माझं काही म्हणणं नाही. पण त्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहेत का, हे मी विचारलं तेव्हा "आमचं इंटर्नल ट्रेनिंग असतं" असं सांगण्यात आलं. महाराष्ट्रात या व्यवसायासाठी राज्य परिषद आहे, 2002 चा कायदा आहे, तिथे नोंदणी करावी लागते. पदवीला इंटर्नशिप धरून चार-पाच वर्षं जातात. 2021 च्या केंद्रीय कायद्यातही हा व्यवसाय आलेला आहे. तुमच्या पावतीवर "ऑक्युपेशनल थेरपी" छापलेलं आहे. मग सत्र घेणाऱ्यांचे नोंदणी क्रमांक द्या, एवढंच मागितलं तर लोक नजर का चुकवतात?

दार बंद करून सत्र होतं. पालकांनी बाहेर बसायचं. "आई दिसली की मूल काम करत नाही," असं कारण दिलं जातं. चार वर्षांचं मूल आठवड्यातून दोन वेळा पाऊण तास तुमच्याकडे असतं, बाकी सगळा वेळ आमच्याकडे. आत काय केलं ते आईला दाखवलंच नाही तर घरी ती काय करणार? बाहेर आल्यावर "आज छान बसला" एवढं कळायचं. एकदा पडदा सरकला तेव्हा मुलगा झोपाळ्यावर होता आणि ताई फोनवर.

मग रिपोर्ट आला. इंग्रजीत, रंगीत, गुळगुळीत कागदावर. भाच्याकडून वाचून घेतला. "चमच्याने कॉर्नफ्लेक्स खातो : प्रगती समाधानकारक." "बुटांची लेस ओवणे : मदतीने." "लिफ्टमध्ये शांत उभा राहतो : प्रगतिपथावर." साहेब, आमचं घर धाब्याचं आहे. लिफ्ट मुलाने अजून पाहिलेली नाही, कॉर्नफ्लेक्स आमच्याकडे कोणी खात नाही आणि तो बंद लावायच्या चपला घालतो. वरणाचा उल्लेख नाही, अंघोळीचा नाही, पिठाच्या गिरणीचा आवाज आला की कान दाबून खाटेखाली शिरतो त्याचाही नाही. हे सगळं पहिल्या दिवशी सासूबाईंनी सांगितलेलं होतं. हा रिपोर्ट कोणत्या तरी शहरातल्या फ्लॅटमधल्या मुलाचा आहे. वर फक्त आमच्या मुलाचं नाव घातलेलं आहे. ही थेरपी मुलाच्या रोजच्या व्यवहारांसाठी असते ना? मग तिची उद्दिष्टं त्याच्याच घरातून यायला हवीत. माझ्या तक्रारीचं मूळ हेच आहे, बाकीचं सगळं त्यातूनच आलेलं आहे.

मे महिन्यात वजनाचं जॅकेट घ्यायला लावलं, 4,500 रुपये. लक्ष वाढेल म्हणाले. या जॅकेटने लक्ष वाढतं याला अभ्यासांतून फारसा आधार मिळालेला नाही, हे नंतर आमच्या बालरोगतज्ज्ञांनीच सांगितलं. जळगावचा मे महिना, पारा 45 च्या आसपास, हॉलमधला कूलर बंद, आणि पोराच्या अंगावर वाळू भरलेलं जॅकेट! घामोळं आलं. जॅकेट परत घेत नाहीत, कारण "वापरलेलं आहे".

घरी अहिराणी बोलू नका, हिंदी किंवा इंग्रजीच बोला, असंही सांगितलं गेलं. सासूबाई "आठे ये" (इकडे ये) म्हणाल्या की तो वळून बघतो. त्याच्याशी सगळ्यात जास्त बोलणाऱ्या माणसाला गप्प बसवून काय साधणार होतं? दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलांचं नुकसान होतं असं संशोधनात आढळलेलं नाही. सासूबाई मात्र आठवडाभर त्याच्याशी बोलायला घाबरत होत्या.

बिलाचंही तसंच. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय या सरकारी आरोग्य विमा योजनेत मुलाची नोंदणी आहे. वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीचाही. तुमच्या पावतीवर नुसतं "विकास पॅकेज". कोणत्या तारखेला कोणती थेरपी झाली, कोणी दिली, काही नाही. फोड करून मागितली तर "सिस्टीममध्ये तसं येत नाही". दावा पडून आहे.

आणि शाखेच्या दारावरचा फलक : "पाच वर्षांच्या आत मूल नॉर्मल." ऑटिझम हा काही तापासारखा उतरणारा आजार नाही, मूल शिकतं, हळूहळू सोसू लागतं, स्वतःचं स्वतः करू लागतं. हे सांगायचं काम तुमचं, आणि उलट तुम्हीच असा फलक लावता? तो काढा.

माझे दीर वकिलांकडे कारकून आहेत, कलमं त्यांनी काढून दिली. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 2(11) प्रमाणे ही सेवेतली त्रुटी आहे. कलम 2(47) प्रमाणे सदोष सेवेचे पैसे परत करायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुमच्या अर्जावर "वाद पुणे न्यायालयातच" असं बारीक अक्षरात छापलेलं आहे. पण कलम 34 प्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही.

न झालेल्या सत्रांची रक्कम आणि जॅकेटचे 4,500 रुपये परत करावेत. झालेल्या सत्रांचं तारीखवार बिल आणि सत्र घेणाऱ्यांची नावं, शिक्षण व नोंदणी क्रमांक द्यावेत. पहिल्या तपासणीची हस्तलिखित टिपणं आमच्या मुलाची आहेत, त्यांची प्रत हवी. पुढच्या थेरपिस्टना तीच उपयोगाची आहेत, रंगीत रिपोर्ट तुमच्याकडेच ठेवा.

30 दिवस वाट पाहीन. शाखेतून "पॅकेज वाढवून देतो" असे फोन येतात, ते बंद करावेत. जे काही असेल ते लेखी आणि मराठीत कळवावे.

आपली,
मुलाची आई
ता. अमळनेर, जि. जळगाव

सोबत : पावत्यांच्या प्रती, रिपोर्टची प्रत, व्हॉट्सॲप संदेशांच्या छापील प्रती, फलकाचा फोटो.