पवई तलाव: नमुना कोणत्या महिन्यातला?

महोदय,

पवई तलाव भरून वाहू लागल्याची बातमी दर पावसाळ्यात येते. १८९० साली बांधलेला तलाव, सुमारे ५४५ कोटी लिटर क्षमता, पाणी पिण्यायोग्य नसल्याने केवळ औद्योगिक वापर, हा तपशीलही तिच्यात ठरलेला असतो. सांडव्यावरून मिठी नदीत जाणाऱ्या या पाण्याबरोबर प्लास्टिकचे किती कण वाहून गेले, हे मात्र कधी वाचायला मिळत नाही, कारण पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी (सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) आणि जिवाणू मोजले जातात. पाच मिलिमीटरहून लहान प्लास्टिककणांसाठी त्या तक्त्यात रकानाच नाही.

हा रकाना जोडला जावा, ही मागणी आहेच. पण तो वर्षातून एकदा भरून भागणार नाही. उन्हाळ्यात तलावाचे पाणी आटते, सांडपाण्यातून येणारे कृत्रिम कपड्यांचे धागे मात्र येतच राहतात, आणि काठावरच्या पिशव्या व वेष्टने उन्हाने ठिसूळ होऊन त्यांचे तुकडे पडतात. जूनमधल्या पहिल्या जोरदार सरींबरोबर गटारांतला कचरा आणि रस्त्यांवरची टायरांची झीज एकदम तलावात उतरते. पुढे ऑगस्टमध्ये पाणी वाढल्यामुळे दर लिटरमागे कणांची संख्या कमी भरते आणि तलाव स्वच्छ झाल्याचा भास होतो. वास्तविक काही कण मिठीत गेलेले असतात, तर काही गाळात. पॉलिएस्टरचे धागे पाण्याहून जड असल्याने संथ पाण्यात तळाशी जातात. पिशव्यांचे पॉलिथिन तरंगते खरे, परंतु त्यावर शेवाळ व जिवाणूंचा थर चढला की तेही बुडू लागते.

म्हणून मेअखेर, पहिल्या पावसानंतर लगेच, ऑगस्टमध्ये आणि जानेवारीत, ठरलेल्या त्याच जागांवरून पाण्याचे आणि गाळाचे नमुने एकाच पद्धतीने घेतले जावेत. सर्रास वापरल्या जाणाऱ्या ३०० मायक्रॉनच्या जाळीतून बारीक धागे निसटतात, तेव्हा काही नमुने जाळीविना, पाणी थेट भरून घेणे आवश्यक आहे. महिना आणि पद्धत न सांगता जाहीर केलेल्या आकड्याला, तो कितीही दिलासादायक असला तरी, फारसा अर्थ नाही.

महापालिका तलावातील जलपर्णी काढते, तेथेही हाच विचार व्हावा. तिच्या दाट मुळांत असे कण अडकतात. काढलेल्या जलपर्णीचे ढीग जूनपर्यंत काठावरच राहिले, तर पहिला पाऊस ते पुन्हा तलावात लोटणार. त्यामुळे ते मे महिना संपण्यापूर्वी उचलण्याची अट कंत्राटात असावी.

– एक वाचक, पवई, मुंबई