नाताळच्या पाककृती २४ तारखेला कशाला?

महोदय,

मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत नाताळचे पान हटकून २४ किंवा २५ डिसेंबरला येते. चकलीची भाजणी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कोणी छापत नाही, मग नाताळच्याच वेळी हे वरातीमागून घोडे का? कॅम्पातले सेंट मेरीज चर्च १८२५ पासून उभे आहे. तेव्हा पुण्याला या सणाची तारीख आयत्या वेळी कळते असेही नाही.

केकचेच घ्या. त्यातला सुकामेवा रममध्ये तीन-चार आठवडे मुरतो. रम नको असेल तर संत्र्याच्या रसात पाचेक मिनिटे मंद आचेवर शिजवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतात. त्यालाही आदला दिवस लागतोच. शिवाय छापील कृतीत एक ओळ हमखास गळते: मेवा निथळून, चमचाभर मैद्यात घोळवूनच मिश्रणात घालावा, नाहीतर सगळा तळाशी बसतो. रंगासाठी साखर जाळताना ती गडद तांबूस झाली की गॅस बंद करून, हात लांब ठेवून कडकडीत पाणी थोडे थोडे घालावे. गार पाण्याने पाक अंगावर उडतो आणि साखरेचा दगड होतो.

पण केक हा ताटातला एक जिन्नस झाला. मराठी ख्रिस्ती घरांत त्याच्या जोडीला करंज्या, चकल्या असतात, आणि असतात कलकल, म्हणजे शिंपल्याच्या आकाराचा तळलेला गोड पदार्थ. पुरवण्यांत त्यांना जेमतेम चार ओळी मिळतात, त्याही बिनमापाच्या. प्रमाण असे: अर्धा किलो मैदा, १०० ग्रॅम बारीक रवा, १२५ ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, तीन मोठे चमचे तुपाचे कडकडीत मोहन आणि भिजवण्यापुरते नारळाचे दूध, साधारण एक वाटी. दूध एकदम ओतू नये, साखरही पाणी सोडते. पीठ अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवावे. लहान बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या कंगव्यावर अंगठ्याने चेपून पसरायची आणि शिंपल्यासारखी वळत आणायची. शेवटची कड दाबली नाही तर ती तेलात उलगडते. मोहन कमी पडले की कलकल दाताला कडक लागतात, जास्त झाले की अनारशासारखे हसतात, म्हणजे तेलात फुटून विरतात. आच मध्यम हवी. पिठातच साखर असल्याने मोठ्या आचेवर वरून काळे, आत कच्चे राहतात. डबा भरायचा तो पूर्ण निवल्यावरच, एरवी दुसऱ्या दिवशी मऊ पडतात.

एवढ्या पिठाचे दोनएकशे नग होतात. एकट्याने वळायला बसले तर शेवटच्या गोळ्या वाळून चिरतात, म्हणून आजीपासून पोरांपर्यंत सगळ्यांना काटा हाती देऊन बसवायचे. घरची प्रथा म्हणतात ती हीच. सुटीचा दिवस बघून आठवडाभर आधी हा घाट घालावा लागतो.

येशूजन्माच्या गव्हाणीच्या देखाव्यातल्या हिरवळीचेही तेच. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात मोड आणून थाळ्यातल्या मातीवर पसरतात, घट बसवताना धान्य पेरावे तशी. डिसेंबरात पुण्यात पहाटेचा पारा दहा-बारा अंशांवर येतो, त्यामुळे रुजायला वेळ लागतो. १२-१३ तारखेला पेरलेली बरी. पाणी नुसते शिंपडावे, साचले की बुरशी धरते.

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. सुक्यामेव्याची कृती त्या रविवारी छापावी, नाचणीची १० डिसेंबरच्या सुमारास, कलकलांची त्यानंतरच्या शनिवारी. २४ तारखेला बाळ येशूला गव्हाणीत ठेवणे तेवढे उरते. मध्यरात्रीपर्यंत गव्हाणी रिकामीच असते, त्या दिवशीच्या अंकात छायाचित्र निवडताना एवढे पाहावे.

– एक वाचक, नाना पेठ, पुणे