मत दिलं म्हणून जेल?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पक्षांतरबंदीवर तुमच्या पानावर सध्या जी पत्रं येतायत ती मी रोज ऑनलाइन वाचतो, आणि त्यात बऱ्याच जणांचा सूर असा दिसतो की आमदारकी घालवून काही होत नाही, व्हिप मोडला की सरळ आत टाका. संताप समजतो मला, मी पण सांगलीचाच आहे, गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात काय काय झालं ते लांबून का होईना बघितलंय. पण मी 18 वर्षं अमेरिकेत इंडियाना राज्यात राहतोय, इथे मतदान करतो, आणि राज्याने पाठवलेल्या प्रतिनिधीने मत चुकीचं दिलं तर जेल असा कायदा आमच्या राज्यात खरोखर आहे, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

थोडं मागचं सांगतो. अमेरिकेच्या घटनेतल्या पाचव्या कलमात घटनादुरुस्ती सुचवायचे दोन रस्ते आहेत, एक म्हणजे काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, दोन तृतीयांश मतांनी सुचवायची, आणि दुसरा म्हणजे 34 राज्यांच्या विधिमंडळांनी मागणी केली तर काँग्रेसने कन्व्हेन्शन, म्हणजे खास सभा, बोलवायचं, तिथे राज्यांचे डेलिगेट, म्हणजे प्रतिनिधी, बसून दुरुस्त्या सुचवणार. आजवर झालेल्या सगळ्या 27 दुरुस्त्या पहिल्याच रस्त्याने आल्यात, दुसऱ्या रस्त्याने कन्व्हेन्शन एकदाही भरलेलं नाही. आणि न भरण्याचं एक मोठं कारण भीती आहे, की बोलवायचं बजेटच्या दुरुस्तीसाठी आणि एकदा दार बंद झालं की आतली मंडळी अख्खी घटनाच लिहायला घेणार.

त्या भीतीवर उपाय म्हणून इंडियानाने 2013 मध्ये कायदा केला. डेलिगेटने शपथ घ्यायची, विधिमंडळाने दिलेल्या सूचनांच्या बाहेर मत दिलं तर ते मत रद्द, त्याची नेमणूक रद्द, आणि त्याच्या जागी पर्यायी डेलिगेट बसणार. इथपर्यंत मला सगळं मान्य आहे, राज्याने पाठवलेला माणूस आहे, राज्य त्याला परत बोलवू शकतं. पण पुढे असंही आहे की जाणूनबुजून असं मत दिलं तर तो फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा. आजच्या हिशेबाने त्या वर्गाच्या गुन्ह्याला 6 महिने ते अडीच वर्षं कैद होऊ शकते, आणि फेलनीचा शिक्का इथे नोकरीपासून भाड्याच्या घरापर्यंत सगळीकडे आडवा येतो. हे सगळं कशासाठी, तर सभेत हात वर केला म्हणून! त्यानंतर फ्लोरिडा, टेक्सास वगैरे राज्यांनीही डेलिगेटना बांधणारे कायदे केले.

आता 1787 चं फिलाडेल्फिया बघा, जिथल्या सभेत अमेरिकेची घटना लिहिली गेली. काँग्रेसने त्या सभेला फक्त राज्यांमधल्या जुन्या करारात सुधारणा सुचवायला सांगितलं होतं. डेलावेअरने तर आपल्या डेलिगेटना लेखी बजावलं होतं की प्रत्येक राज्याला एक मत या तरतुदीला हात लावायचा नाही. मग मोठी राज्यं लोकसंख्येवर अडून बसली, छोटी समान मतावर, आणि जवळजवळ सभा मोडायची वेळ आली. 16 जुलैला तडजोड झाली, खालच्या सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा आणि सिनेटमध्ये सगळ्यांना समान, 5 राज्यं बाजूने, 4 विरोधात, आणि मॅसॅच्युसेट्सचे डेलिगेट आपापसातच दोन दोन फुटले म्हणून त्यांचं मत मोजलंच गेलं नाही. ते चौघेही विरोधात गेले असते तर 5-5 होऊन तडजोड पडली असती. न्यूयॉर्कचे दोघं तर आधीच निघून गेले होते, त्यांचं म्हणणं की ही सभा दिलेल्या अधिकाराबाहेर चाललीय, आणि न्यूयॉर्कच्या तिसऱ्या डेलिगेटने, हॅमिल्टनने, शेवटी एकट्याने सही केली. प्रत्येकाच्या डोक्यावर फौजदारी खटला लटकत असता तर ऐकून घेऊन मत बदलायची हिंमत कुणी केली असती? मग चर्चेला माणसं पाठवायचीच कशाला, विधिमंडळाने लिफाफ्यात मत घालून पोस्टाने पाठवावं.

काही जण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या निकालाकडे बोट दाखवतात. 2016 च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत वॉशिंग्टन राज्याच्या तीन इलेक्टर्सनी, म्हणजे राष्ट्राध्यक्षाला राज्यातर्फे मत देणाऱ्या प्रतिनिधींनी, हिलरी क्लिंटन यांच्याऐवजी माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांना मत दिलं, त्यांना प्रत्येकी 1000 डॉलर दंड झाला आणि कोर्टाने तो योग्य ठरवला. पण इलेक्टरचं काम मतदारांनी दिलेला कौल पोचवणं एवढंच आहे, त्याला कुणाशी वाटाघाटी करायच्या नसतात. आणि तिथेही दंड झाला, कैद नाही.

याबाबतीत आपली भारतीय घटना मला जास्त शहाणी वाटते, हे मी मनापासून सांगतो. दहाव्या परिशिष्टाने, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याने, सदस्यत्व जातं, पण कलम 105 आणि 194 प्रमाणे सभागृहात दिलेल्या मताबद्दल कोर्टात खटला चालवता येत नाही. आणि पैसे घेऊन मत दिलं तर? 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की लाचेला हे संरक्षण नाही. म्हणजे गुन्हा लाचेचा, मताचा नाही. खोक्यांवर राग असेल तर खोक्यांचा तपास मागा, व्हिप मोडण्याला गुन्हा करायला सांगू नका, कारण उद्या एखादा प्रामाणिक आमदार आपल्या तालुक्यासाठी पक्षाच्या विरोधात उभा राहिला तर त्याच कलमाखाली तोच पहिला आत जाईल.

आणि कन्व्हेन्शन भरकटण्याच्या भीतीबद्दल म्हणाल तर तिथे जे काही ठरेल ते 38 राज्यांनी मंजूर केल्याशिवाय लागूच होत नाही, 13 राज्यं अडून बसली की संपलं. त्यामुळे मी आमच्या भागाच्या स्टेट सिनेटरना पत्र लिहिलंय, की मत रद्द करण्याची आणि माणूस बदलण्याची तरतूद ठेवा, फेलनीचं कलम तेवढं काढून टाका. उत्तर अजून आलेलं नाही, आलं नाही तर पुढच्या अधिवेशनात प्रत्यक्ष जाऊन भेटणार आहे.

आपला,
एक वाचक, इंडियानापोलिस (मूळ सांगली)