विम्याच्या आकड्याखाली तारीख हवी

संपादक महोदय,

शेजारचे काका मोबाइलवर आलेला आरोग्य विम्याचा तक्ता घेऊन इस्पितळात गेले. त्यात दोन योजनांची खिचडी; खाली ना तारीख, ना आधार. खिडकीवर उलगडा होईपर्यंत काकू बाकावरच पेंगल्या. गोव्याच्या दीनदयाळ योजनेत तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार वा अधिक जणांना 4 लाख. आयुष्मान भारतचे 5 लाख वेगळे; 70 वर्षे व त्यावरील ज्येष्ठांना 2024 पासून उत्पन्नाची अटही नाही. तुमच्या वृत्तपत्रानेही असे आकडे छापताना ते कोणत्या अधिसूचनेतले, कधी पडताळले, एवढे तरी द्यावे. तक्ता विमा एजंटाने पुरवला असेल, तर तेही. आणि आकडा चुकला, तर दुरुस्ती त्याच पानावर. निविदांच्या गर्दीत ती कोण शोधणार?

– एक वाचक, डिचोली