कळसूबाईची फक्त उंचीच का शिकवायची? शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कोणतं, हा प्रश्न कुठल्याही शाळेत विचारा, अर्धा वर्ग एका सुरात ‘कळसूबाई’ म्हणून ओरडेल. 1646 मीटर ही उंचीही पाठ असते. तिसरा प्रश्न मात्र विचारायची सोय नाही, कारण गाडी तिथेच थांबते. मी भूगोल शिकवतो आणि हिवाळ्यात मुलांना घेऊन कळसूबाईला जातो. माझी मागणी एकच आहे: या डोंगरावर मुलांसाठी एक नीट पुस्तिका काढा.

आता त्या 1646 चंच घ्या. एवढं सगळं आपल्याला चढायचंय, असं मुलांना वाटत असतं. पायथ्याच्या बारी गावात उतरल्यावर सांगावं लागतं की ही उंची समुद्रसपाटीपासूनची. पायाशीच आपण बरेच वर आलेलो असतो आणि खरी चढाई साधारण 800 मीटरची आहे. “मग बाकीचं कोण चढलं?” असं एकानं विचारलं. “एसटी,” दुसरा म्हणाला. समुद्रसपाटी म्हणजे काय, हे मला फळ्यावर इतक्या झटक्यात कधी शिकवता आलेलं नाही.

पुढचा प्रश्न हमखास येतो, हा डोंगर वर आला कसा? ज्वालामुखी म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर धूर ओकणारा शंकू येतो. तसं इथं काही नव्हतं. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा नवा थर. असे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं. मग पावसानं आणि नद्यांनी कोट्यवधी वर्षं ते कोरलं. आजूबाजूचं झिजून गेलं, हा उरला. शेजारच्या अलंग, मदन, कुलंग या किल्ल्यांच्या कड्यांकडे बोट दाखवलं की ते आडवे पट्टे मुलांना लगेच दिसतात, आणि समोरासमोरच्या डोंगरांवर एकाच पातळीत दिसले की काहींच्या डोक्यात आपसूक उजेड पडतो. हे सगळं एकेकाळी सलग होतं!

पाण्याचं कोडं तर मला फार आवडतं. शिखरावरून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. तरी प्रवरा रतनगडावर उगवून आणि दारणा कुलंगच्या बाजूनं निघून, दोघी पूर्वेकडे वळतात, गोदावरीला मिळतात आणि थेट बंगालच्या उपसागराची वाट धरतात. प्रवरेवरचं भंडारदरा धरण 1926 साली पुरं झालं. त्याचा जलाशय वरून लख्ख दिसतो. घाटमाथ्यावरच्या घाटघरला पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात, आणि त्याच जिल्ह्यात अहिल्यानगर शहराच्या वाट्याला सहाशेच्या आसपास. पर्जन्यछायेचा प्रदेश ही व्याख्या घोकण्यापेक्षा हे दोन आकडे शेजारी ठेवलेले बरे.

इतिहास हवा तर तोही आहे. याच रांगेतल्या पट्टागडावर जालन्याच्या मोहिमेनंतर 1679 साली शिवाजी महाराज विश्रांतीला थांबले, म्हणून तो विश्रामगड. याच अकोले तालुक्यातले राघोजी भांगरे इंग्रजांविरुद्ध उठले. 2 मे 1848 रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. आणि खुद्द कळसूबाईची गोष्ट वेगळीच. कळसू नावाची मुलगी एका घरी कामाला राहिली, पण केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही, या अटीवर. एके दिवशी अट मोडायला लावली, तशी ती सगळं टाकून डोंगरावर निघून गेली. ही गोष्ट मुलींना जास्त आवडते. का, ते सांगायला नको. शिखरावरचं छोटं देऊळ तिचंच आणि नवरात्रात तिथं जत्रा भरते.

चढाईबद्दल पुस्तिकेत स्पष्ट लिहा. कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत. शिडी उतरताना तोंड शिडीकडे ठेवायचं, दोन्ही हात मोकळे हवेत, मागच्यानं घाई करायची नाही. पावसाळ्यात शिड्या निसरड्या होतात आणि शनिवार-रविवारी त्यांच्या तोंडाशी रांगा लागतात. लहान मुलांची सहल अशा दिवशी नेऊच नये, असं माझं मत आहे. रात्रीचा ट्रेक तर नाहीच.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, हे निम्म्या ट्रेकर मंडळींनाही माहीत नसतं. 1986 साली ते जाहीर झालं. इथं बिबट्या, तरस, भेकर, सांबर, उदमांजर आहेत. ते दिसतील असं आश्वासन मुलांना देऊ नये. ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे ओळखायला शिकवावं. कारवी ही झुडूपवजा वनस्पती मात्र हमखास भेटते. ती सात वर्षांनी एकदा फुलते आणि बी धरून वाळून जाते. तिच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती डोंगरातल्या घरांना असतात.

आणि काजवे. पावसाच्या तोंडावर भंडारदरा परिसरात झाडंच्या झाडं एका तालात उजळतात, विझतात. नराचा तो उजेड मादीला बोलावण्यासाठी असतो. कित्येक जातींत मादी उडत नाही, खाली गवतातच बसून उत्तर देते. आपण बॅटरी आणि मोबाइलचा झोत मारला की हा संवाद तुटतो, आणि फोटोसाठी गवतात शिरलो की ती पायाखाली येते. मुलांना हे एकदा कळलं की तीच मोठ्यांना दटावतात, मी पाहिलंय.

पुस्तिकेचं काम एखाद्या सल्लागार कंपनीला देऊ नका, एवढी विनंती. बारी, जहागीरदारवाडीची वाट दाखवणारी तरुण मुलं, तिथले महादेव कोळी, ठाकर समाजातले जाणते लोक आणि तालुक्यातल्या आश्रमशाळांचे शिक्षक यांना एकत्र बसवा. कच्चा मजकूर आधी आश्रमशाळेतल्या मुलांना वाचायला द्या. चुका तीच काढतील. नकाशा मोठा हवा. पहिल्या पानावर शिखराचं चित्र असू द्या, आपलं छायाचित्र मलपृष्ठावरही चालेल. पाठीमागे प्रश्नावली मात्र नको. ती आली की रिकाम्या जागा भरा सुरू होतं आणि आपण पुन्हा 1646 वर येतो.

सहलींना परवानगी देताना शाळांना ही पुस्तिका आणि स्थानिक वाटाड्या, दोन्ही सक्तीचे करता येतील का, हेही पाहावं. शाळांच्या सहली हिवाळ्यात निघतात. दिवाळीच्या सुट्टीआधी प्रती हातात पडल्या, तर याच वर्षी उपयोग होईल.

आपला,
भूगोलाचा एक शिक्षक