दोन मुलांची बाबागाडी घेताना

संपादक महोदय,

दोन लहानग्यांना घेऊन फिरणाऱ्या पालकांना कळकळीची विनंती: बाबागाडी घेताना आधी रुंदी मोजा. शेजारी-शेजारी आसनांची गाडी साधारण ७५ सेंमी रुंद असते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ती अडकतेच. मागे-पुढे आसनांची अरुंद, पण लांब. फेरीबोटीवर चढवताना पुढची चाके उचलावी लागतात आणि हँडलला पिशव्या टांगलेल्या असल्या, की गाडी मुलांसकट मागे कलंडते. सामान खालच्या जाळीतच ठेवा. ६ महिन्यांखालच्या बाळाला पूर्ण आडवे होणारे आसनच हवे, यात तडजोड नको. छोटी प्लास्टिकची चाके वाळूत रुततात. किनाऱ्यावरून परतल्यावर चाकांचे आस (चाके जोडणारे दांडे) गोड्या पाण्याने धुऊन कोरडे करा, नाहीतर खाऱ्या पाण्याने गंजतात.

– एक वाचक, पणजी